हळदीखालचा काळा डाग

मरता मरता वाचलेल्या माणसाला एक खोड लागते. भेटेल त्याला तो आपलं दुखणं सांगत सुटतो. मलाही ती लागली आहे. वसमतच्या बसस्टँडवर, केस कापायच्या दुकानात, अगदी लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी लोकांना ताप आला तर काखा तपासा म्हणून सांगतो, आणि लोक आपलं ताट उचलून दुसऱ्या रांगेत बसतात. म्हणून आता एकदाचं लिहून काढतो. ज्यांच्या घरात न उतरणारा ताप मुक्कामाला असेल त्यांनी वाचावं. बाकीच्यांनी सोडून दिलं तरी माझी तक्रार नाही.

आधी माझा स्वभाव सांगायला हवा, नाहीतर पुढचं सगळं विचित्र वाटेल. मी एका आडत दुकानात हळद पारखतो. शेतकरी पोतं उघडतो, मी वरचं हळकुंड उचलून कडकन मोडतो, आतला रंग बघतो, वास घेतो. मग पोत्याच्या तळाशी हात घालून तिथलंही एक मोडतो, कारण वर वाळलेला माल आणि खाली ओला हे आमच्याकडे नवीन नाही. सगळी उमर यातच गेल्यावर ती सवय दुकानात ठेवून घरी येता येत नाही. जावई 'सगळं ठीक आहे' म्हणाला की मी मुलीला वेगळा फोन लावतो. माझी बायको शोभा म्हणते, "तुमी देवळात गेले तरी मूर्ती दगडाची हाय का सिमेंटाची ते आधी बघताल." ती काही खोटं बोलत नाही.

असा माणूस घरात घोणी पाळतो, हे ऐकून लोकांना माझ्या डोक्याविषयी शंका येते. त्यात त्यांचीही चूक नाही.

जिन्याखालची खोली

न्हाणीत दिसणारी बारकी गोम सगळ्यांना माहीत असते. घोण म्हणजे तिची थोरली बहीण. वीतभर लांब, बोटाएवढी रुंद, तांबूस अंग आणि पिवळे पाय. मागे एका पावसाळ्यात गोदामात पोत्यांची थप्पी हलवताना खाली एक दिसली. हमाल चपला घेऊन धावले. मी त्यांना अडवलं, कारण ती पळत नव्हती. जे पळायला हवं ते पळत नसेल, तर त्याला काहीतरी झाकायचं असतं. वाकून बघितलं, तर ती वेटोळं करून बसली होती आणि वेटोळ्याच्या आत साबुदाण्यासारखी अंडी होती. माणसं ओरडत होती, पोती सरकत होती, डोक्यावर बॅटरीचा उजेड होता, तरी तिनं अंडी सोडली नाहीत. मी एक रिकामी बरणी तिच्यावर उपडी घातली, खालून पत्र्याचा तुकडा सरकवला आणि तिला घरी आणलं.

पुढे अंडी फुटली, पांढरी पिल्लं निघाली, आणि ती बया अन्नपाणी सोडून त्यांना पोटाशी धरून बसली. पिल्लं मोठी झाली की मात्र ही मंडळी एकमेकांना खातात, आईसुद्धा मागेपुढे बघत नाही. म्हणून ज्याचा त्याचा डबा वेगळा. बहुतेक पिल्लं मी ओढ्याकाठी सोडून दिली, थोडी ठेवली. कडीचं झाकण असलेले प्लास्टिकचे डबे, झाकणाला तापल्या दाभणानं पाडलेली बारीक भोकं, तळाला माती आणि कुजका पाला, लपायला फुटक्या मडक्याचं खापर, पाण्याला बाटलीचं बूच. आठवड्याला एखादं झुरळ किंवा रातकिडा. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, म्हणजे मुंग्या चढत नाहीत. एवढ्यात त्यांचा संसार होतो. आपल्याला मात्र केवढं लागतं.

शोभानं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "कानात शिरली म्हंजी?" मी सांगितलं की घोणीला आपल्या कानात काही काम नसतं. तिचा विश्वास बसला नाही. शेवटी तह झाला. डबे जिन्याखालच्या खोलीत राहतील, दाराला कुलूप राहील आणि किल्ली तिच्या कमरेला राहील. डब्याला ती हात लावणार नाही, ही तिची अट. पाला आणायला मी गावाबाहेरच्या ओढ्यावर जायचो. तिथं दाट झुडपं आहेत, खाली उंदरांची बिळं आणि वर्षानुवर्षं साठलेला काळा, मऊ पाला. जमिनीवर आडवं होऊन खांद्यापर्यंत हात झुडपात घालावा लागे. हे लक्षात ठेवा.

ताप, आणि प्रत्येकाचं एक मत

दिवाळीच्या आधी ताप आला. थंडी वाजून, डोकं फुटेल असा. डोळे फिरवले तरी दुखायचे. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. ताप तासभर उतरायचा आणि दुप्पट चढायचा.

शोभा ओल्या फडक्यानं अंग पुसत होती. उजवा हात वर केला तशी ती थांबली. "हे काय हाय काखेत?" ती म्हणाली. "काळं पडलंय. मसुरीएवढं. भवताली लाल."

मला तिथं काहीही दुखत नव्हतं. तेवढ्यात तिचा भाऊ बाळू आला. तो साखर कारखान्यावर आहे आणि त्याला प्रत्येक गोष्टीतलं कळतं. त्यानं काखेत एकदा बघितलं आणि निकाल दिला, "घोण डसली दाजी. मी आधीच सांगून राहिलो व्हतो."

"घोण चावली तर माणूस गल्ली डोक्यावर घेतो," मी म्हणालो. "मला कळलंसुद्धा नाही ते कसं?"

"झोपीत डसली असंल. तुमी झोपले म्हंजी मेल्यावाणी."

मी शोभाला म्हणालो, मला आरसा दे. आरसा आणेपर्यंत तिनं त्या जागेवर ओली हळद वाटून थापली होती. आमच्या वसमतला कशालाही हळद लावतात. कापलं हळद, सुजलं हळद, भाजलं हळद. मी आरशात बघितलं तर नुसतं पिवळं दिसलं. काळा डाग मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाच नाही. तिथंच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. बहीण-भावाला डबे घराबाहेर काढायचे होतेच. आता निमित्त सापडलं होतं. डाग खरोखर आहे तरी का, असंही मला वाटू लागलं.

बाळू रॉकेलची बाटली शोधत जिन्याकडे निघाला. त्याला थांबवलं आक्कानं. आक्का म्हणजे माझी मोठी बहीण, कळमनुरीची. माझ्या तापाचं कळल्यावर ती सकाळच्या एसटीनं आली होती.

"हात लावू नको," आक्का म्हणाली. "डसलेलं जनावर जितं हाय तवर ईख उतरतं. ते मेलं की ईख आंगातच ऱ्हातं. माझ्या सासऱ्याच्या वक्ताला हेच झालं."

आक्काच्या सासऱ्यांना काय झालं होतं हे कुणालाच नक्की माहीत नाही, पण तिच्यापुढे बोलायची बाळूची छाती नव्हती. त्यानं बाटली खाली ठेवली. आयुष्यभर मी आक्काच्या असल्या बोलण्याची चेष्टा केली, आणि त्या दिवशी तिच्याच बोलण्यानं माझे डबे वाचले. मी पांघरुणात तोंड घालून गप्प राहिलो. शोभा सकाळ-संध्याकाळ जुनी हळद काढायची आणि नवी थापायची. ताप चढतच होता.

नांदेड

दम लागायला लागला तेव्हा मला जीपमध्ये आडवं घालून नांदेडला नेलं. ज्या रुग्णालयात मी होतो त्याचं नाव लिहीत नाही. तिथं मी वाचलो, आणि तिथल्या माणसांना मी काय काय बोललो ते मला आता आठवायचं नाही.

केसपेपरच्या खिडकीवरच बाळूनं सांगून टाकलं, "घोण चावलेला पेशंट हाय." झालं. पुढे जो डॉक्टर यायचा तो माझे हात-पाय सुजलेत का ते बघायचा. सूज नव्हती. मग रक्त तपासलं. डेंग्यू नाही, मलेरिया नाही. रक्तातल्या पेशी मात्र कमी होत चालल्या होत्या आणि लघवी आटली होती. आजार रेड्याला आणि औषध पखालीला असा कारभार चालला होता, पण रेडा कुठला हेच कुणाला कळत नव्हतं, तर बिचारे पखालीला देणार नाहीत तर काय करतील?

रुग्णालयाचा दिवस ठरलेला असतो. पहाटे फिनेलचा वास, मग झाडू, मग थर्मामीटर, मग चहाची किटली, मग डॉक्टरांचा घोळका. घोळका आला की मी डोळे मिटून कान टवकारायचो. ते इंग्रजीत बोलायचे. इंग्रजीत बोलतात म्हणजे माझ्यापासून लपवतात. शोभाला बाजूला घेऊन बोलायचे, म्हणजे तिलाही सामील करून घेतलंय. सलाईनची बाटली लावताना मी सिस्टरला म्हणायचो, सील दाखवा. ती आधी हसायची, मग वैतागली. "बाबा, हाथ सीधा रखो, सील मैंने देखा है." शेजारच्या खाटेवर एक म्हातारे होते. त्यांच्या सुनेनं मला मोसंबीचा रस दिला, तोही मी आधी शोभाला प्यायला लावला. ती सून खोचक हसली, आणि तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा रस घेऊन आली.

भीती वाटत होती का, असं लोक विचारतात. वाटत होती. भीती वाटली की मी भांडायचो, एवढंच. श्वास घेताना छातीत काहीतरी अडायचं आणि मला वाटायचं, पुढचा येतोय की नाही. मला मरायचं नव्हतं. मुलीच्या पहिल्या बाळाचं तोंड अजून बघायचं होतं.

मधले काही दिवस मला आठवतच नाहीत. तापात मी बडबडत होतो म्हणे. काय बोललो, असं शोभाला नंतर विचारलं तर ती म्हणाली, "काय बी. तापात माणूस काय बोलतंय त्याला अर्थ असतो व्हय?" आणि तोंड फिरवलं. मी ते मनात नोंदवून ठेवलं.

नखांतली माती

थोडी शुद्ध राहू लागली तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. शोभा अधूनमधून घरी जाऊन येत होती. आक्का माझ्याजवळ बसायची, शोभा सकाळच्या गाडीनं वसमतला जायची आणि संध्याकाळी परतायची. कपडे धुवायला जाते म्हणायची.

एकदा ती मला खिचडी भरवत होती. चमचा तोंडाजवळ आला आणि मी तिची नखं बघितली. नखांत काळी माती होती.

"हे काय?"

"काय?"

"नखात माती कशी?"

"घरी गेल्ते. झाडलोट केली."

"झाडलोट केल्यावर नखात माती जाते?"

तिनं हात मागे घेतला, पदराला पुसला. "खायचं ते खा आता गुमान," ती म्हणाली.

मी खाल्लं नाही. भिंतीकडे तोंड करून पडलो. सगळं स्पष्ट झालं होतं. मी इकडे मरणाच्या दारात, आणि हिनं तिकडे खड्डा खणून डबे पुरले. आक्काच्या धाकानं बाळूला जे जमलं नाही ते हिनं गुपचूप उरकलं. गोदामात अंडी पोटाशी धरून बसलेली ती घोण मला डोळ्यांसमोर दिसू लागली. सुतावरून स्वर्ग गाठणं मला नेहमीच जमतं, पण त्या दिवशी मी स्वर्गात घरच बांधलं. पुढचे दोन-तीन दिवस मी शोभाशी बोललो नाही. ती खिचडी आक्काच्या हातात द्यायची आणि बाहेर जाऊन बसायची. तिचे डोळे सुजलेले असत. मला वाटायचं, अपराधी मन आहे, दुसरं काय.

कापसाचा बोळा

मग एके दिवशी डॉक्टरांच्या घोळक्यात एक नव्या डॉक्टरीणबाई होत्या. वयानं पोक्त, घाई नसलेल्या. त्यांनी कागद वाचले आणि शोभाला विचारलं, "चावा कुठं आहे?"

"काखेत हाय," शोभा म्हणाली.

बाईंनी माझा हात वर केला. "हे पिवळं काय?"

"हळद हाय. सांज-सकाळ लावून राहिले मी. हितं बी डबी आणलीय पिशवीत."

"रोज?"

"एक दिवस खाडा न्हाई केला."

बाईंनी स्पिरिटचा बोळा मागवला आणि काख पुसायला घेतली. हळद मुरलेली असते, ती लवकर निघत नाही, हे मी त्यांना धंद्याचा माणूस म्हणून सांगितलं. त्यांनी बोळ्यावर बोळे घेतले. पुसता पुसता एकदम थांबल्या आणि मागच्या पोरसवदा डॉक्टरांना म्हणाल्या, "इकडे या. बघा."

सगळे वाकून माझ्या काखेत बघू लागले. असा मान मला आयुष्यात मिळाला नव्हता.

"ही घोण नाही," बाई मला म्हणाल्या. "घोण चावली असती तर तुम्ही ओरडून उठला असता. हा फार बारीक किडा असतो, डोळ्याला दिसतसुद्धा नाही. झुडपात, गवतात, जिथं उंदीर असतात तिथं. तो चावलेला कळत नाही, पण चावला की अशी काळी खपली धरते आणि मग ताप येतो. झुडपात हात घातला होता का?"

मी शोभाकडे बघितलं. ओढा, पाला, खांद्यापर्यंत घातलेला हात. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो आमच्या बाबतीत शब्दशः झाला होता.

बाईंनी त्या तापाचं नाव सांगितलं, स्क्रब टायफस. औषध साधं, जुनं, स्वस्त. मात्र ते वेळेत पोटात जायला हवं. त्या दाराकडे वळल्यावर शोभा खाटेच्या लोखंडी कडेला धरून उभी राहिली आणि रडू लागली. "मीच झाकलं," ती म्हणाली. "डॉक्टर लोक हुडकून राहिले आन् मीच त्याच्यावर लेप देऊन राहिले."

बाई दारातून परत आल्या. "झाकलंत तुम्ही, खरं आहे," त्या म्हणाल्या. "पण पहिल्यांदा बघितलंतही तुम्हीच. तुम्ही काख म्हणाला नसता तर मी आज तिथं बघितलं नसतं."

ते माझ्या तोंडून यायला हवं होतं. मी मात्र सिस्टरला विचारत होतो, एवढ्याशा गोळीनं एवढा मोठा ताप जाईल याची खात्री काय. दोन दिवसांत ताप गेला. तिसऱ्या दिवशी मी स्वतः उठून बसलो आणि शेजारच्या सुनेकडे रस मागितला.

घरी

घरी आलो तेव्हा भिंत धरून चालत होतो. आक्का ओवाळायला ताट घेऊन उभी होती. ओवाळून झाल्यावर मी शोभापुढे हात केला. "किल्ली."

तिनं कमरेची किल्ली काढून दिली. मी तिच्याकडे बघत कुलूप काढलं, कारण चेहऱ्यावर काय उमटतं ते बघायचं होतं.

डबे होते. सगळे, आपापल्या जागी. झाकणांच्या कड्या लावलेल्या. बुचांत पाणी भरलेलं. टेबलाच्या पायांखालच्या वाट्यांतसुद्धा पाणी होतं. आणि जुना, बुरशी धरलेला पाला काढून नवा ओलसर पाला घातलेला. थोरली घोण खापराखाली होती. मी खापर चिमट्यानं उचललं तशी ती मिशा हलवून आत सरकली.

"तू केलंस हे?"

"आक्का म्हनल्या व्हत्या ना, जनावर जितं ठिवा," शोभा म्हणाली. "म्हनून ठिवलं."

"झुरळं?"

"चिमट्यानं धरून टाकली. डोळे झाकून."

मागून आक्का म्हणाली, "बघ. मी सांगितलं ते बराबर निघालं का न्हाई?" डॉक्टरीणबाईंनी घोणीला निर्दोष सोडल्याचं मी तिला सांगितलं. ती म्हणाली, डॉक्टरीण शिकलेली आहे, तिला काय कळतं.

नखांतल्या मातीचा उलगडा झाला. मला लाज वाटली आणि मी ती शोभाला बोलूनही दाखवली. पण अंथरुणावर पडल्यावर मन पुन्हा चाळे करू लागलं. घोणीचा दोष नाही हे कळल्यावर आक्काच्या सांगण्यात काही राहिलं नव्हतं. डब्यांतला पाला तर त्यानंतरचा होता, ताजा. मग शोभानं तो कशासाठी बदलला?

दुसरा ताप

मी घरी येऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा शोभा भाकरी थापता थापता उठली आणि आडवी झाली. अंग तापलं होतं. आक्का म्हणाली, थकवा. मुलगी फोनवर म्हणाली, थकवाच असेल. बाळू म्हणाला, नांदेडच्या पाण्यानं झालं. गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. सगळ्यांचं एकमत झालं की मला आपोआप शंका येते.

मी तिच्या उशाशी बसलो. "पाला कुठून आणलास?"

"तुमी आणत व्हता तिथूनच की. ओढ्यावरून. तुमाला बघितलं व्हतं मी आणताना."

"काखा दाखव," मी म्हणालो.

"काही न्हाई काखेत. बघितल्या मी."

"मग कंबर दाखव. पाठ दाखव."

"आवं, आक्का बसल्यात समोर."

"आक्का, जरा बाहेर जा."

"काय चाललंय या वयात," असं पुटपुटत आक्का गेली. शोभा पदर घट्ट धरून बसली. "माझ्या आंगावर बी भरोसा न्हाई का आता? काई चावलं न्हाई म्हनून सांगून राहिले ना मी," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मलाही काही चावलं नव्हतं," मी म्हणालो.

मी मोबाइलची बॅटरी लावली. परकराची नाडी जिथं आवळून बसते तिथं, कमरेच्या वळीत, पाठीच्या बाजूला, जिथं तिला स्वतःला कधीच दिसलं नसतं, तो होता. मसुरीएवढा, काळा, भोवती लाल कडं. मी पहिल्यांदाच बघत होतो. माझा मी कधी नीट पाहिलाच नव्हता.

हळदीची वाटी भिंतीतल्या देवळीत होती. मी ती उचलून आक्काकडे दिली आणि म्हणालो, ही आज भाजीत घाल. शोभाला रिक्षात बसवून परत डॉक्टरांकडे नेलं आणि माझे नांदेडचे कागद त्यांच्यापुढे ठेवले. ते डाग बघायला उठले, वाकले, आणि त्यांनी तीच साधी गोळी लिहून दिली. शोभाला रुग्णालयाची पायरी चढावी लागली नाही. दोन दिवसांत ती उठून माझ्यावर ओरडू लागली, तेव्हा मला बरं वाटलं.

म्हणून सांगतो. ताप उतरत नसेल तर माणसाला आपादमस्तक बघा. काखेत, कमरेच्या वळीत, जांघेत, छातीखाली, कानामागे. बायकांनी लाजू नये, नवऱ्यांनी कंटाळू नये. काळी खपली दिसली तर तिच्यावर काहीही लावू नका, हळद तर नाहीच, आणि तशीच्या तशी डॉक्टरांना दाखवा. झुडपात काम केलं असेल तर तेही सांगा. डॉक्टर रागावले तरी सांगा. घोणींना आता मी रोपवाटिकेतून नारळाचा भुसा आणतो आणि त्यावर उकळतं पाणी ओतून, निववून मग डब्यात घालतो. त्यांना तोही चालतो.

जे विचारायचं राहिलं होतं

शोभा बरी झाल्यावर एका दुपारी आम्ही ओसरीत बसलो होतो. ती मेथी निवडत होती. आक्का कळमनुरीला परत गेली होती.

"तुला आक्काचं खरं वाटलं होतं?" मी विचारलं.

"कशाचं?"

"जनावर जितं ठेवायचं."

"आक्कांचं मला कवाच खरं वाटत न्हाई," शोभा म्हणाली. "त्यांच्यासमोर म्हणायचं म्हनून म्हटलं."

"मग कशासाठी केलंस? तुला तर त्यांची शिसारी."

तिनं मेथीची दुसरी जुडी सोडली. मग म्हणाली, "तिकडं एक दिवस डॉक्टरनं मला बाहेर बोलावलं. म्हनले, आज कठीण हाय. काय बोलायचं ते बोलून घ्या. मी तुमच्याजवळ येऊन बसले. मला वाटलं, आता पोरीचं नाव घेतील, न्हाईतर मला काई सांगतील. तुमी माझा हात धरला. डोळे उघडले. आन् म्हनले, शोभा, घोणीचं पाणी सरलं असंल."

मी टोपली तिच्याकडे सरकवली.

"लई राग आला मला," ती म्हणाली. "भाईर जाऊन रडले. पण ते तुमचं शेवटचं सांगणं ठरलं असतं तर? ते मोडायचं व्हतं का मी?"

तिनं निवडलेली मेथी टोपलीत टाकली आणि देठं गोळा करायला लागली. त्या सगळ्या तापात मी खरोखरच 'शोभा' म्हणालो होतो, की तो शब्द तिनं आत्ता आपल्या पदरचा घातला, अशी शंका माझ्या मनात आलीच. विचारलं असतं तर तिनं सांगितलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा मी हळकुंड न मोडता पोतं ठेवून घेतलं.